सव्वा मूठ

कानबाईच्या रोटांचं धान्य आमच्या घरी मापाने घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू, सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ सुपात टाकायची. मूठ सासूचीच लागते. तिला घरात सगळे माय म्हणतात, मीही. वय पंच्याऐंशीच्या पुढे, बोटं संधिवाताने वाकलेली. त्यामुळे मूठ वर्षागणिक लहान होत चाललीय आणि रोटही. वरचा पाव कसा मोजायचा ते मला सत्तावीस वर्षांत जमलेलं नाही. माय तीन बोटांत मावेल तेवढं धान्य उचलते आणि भरल्या मुठीवर ठेवते. सांडलं तर ते नाव पुन्हा पहिल्यापासून.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार कानबाईचा. नारळाची देवी, तिला नथ, मंगळसूत्र, कोरं लुगडं. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रात्रभर जागर आणि सोमवारी डोक्यावर घेऊन नाचत नदीवर. रोट मात्र भाऊबंदांचे. ते भाऊबंदांनीच खायचे, पुनवेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. उरले तर मातीत पुरतात, पण देत नाहीत.

२०२५ मध्ये पंचमी २९ जुलैला होती, म्हणजे कानबाई ३ ऑगस्टला. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, अमळनेरच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर माय मोजायला बसली. क्रम ठरलेला असतो. आधी घरातले वडीलधारे, मग अमळनेरात असलेले बाकीचे, मग सुरतचे तिघं, पुण्याचे दोघं आणि शेवटी ‘तो आयर्लंडना’. एकूण अकरा. बाहेरगावच्यांची मूठ माय जरा जास्त भरते. विचारलं तर नाही म्हणते, पण मी सूप धरून बसलेली असते, मला दिसतं.

माझी मूठ त्यात नसते. बायकांची मोजतच नाहीत. मी या घरात बाहेरून आलेली. धान्य निवडते, गिरणी धुऊन घेऊन दळून आणते, रोट भाजते. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. मोजणी म्हटलं की कोणाला धरलं आणि कोणाला सोडलं हे आधी बघायची सवय मला याच ओसरीवर लागली, म्हणून सांगितलं.

‘आयर्लंडना’ म्हणजे माझा पुतण्या, मोठ्या जाऊबाईंचा धाकटा. शिरपूरहून बी. फार्म. केलं, डब्लिनला पुढचं शिकला आणि तिथल्याच एका औषध कंपनीत लागला. दर कानबाईला मोजणीच्या वेळी त्याचा फोन येतो. याही वेळी आला. मायने स्पीकरवर विचारलं, “काय रे भो, जेवना का?” तिकडून खालच्या आवाजात इंग्रजीत दोन वाक्यं आली. ट्राममध्ये आहे, नंतर फोन करतो. आणि फोन बंद.

“इंग्रजीमा काबर बोली ऱ्हायना तो?” माय म्हणाली. हातातली मूठ तशीच धरलेली होती.

रात्री जागरणाची तयारी आवरून मी गच्चीवर गेले तेव्हा त्याचा मला फोन आला. “काकू, ट्राममध्ये मी आता अहिराणी बोलत नाही. फोन आला तरी घेत नाही. लोक वळून बघतात.” आदल्याच दिवशी, १ ऑगस्टला, डब्लिनच्या भारतीय दूतावासाने तिथल्या भारतीयांना सूचना दिली होती की काळजी घ्या, निर्जन भागात जाऊ नका, अवेळी तर नकोच. आम्ही मुलींना गावात सांगतो अगदी तेच. तीस वर्षांच्या, साडेपाच फूट उंचीच्या, शाळेत कबड्डी खेळलेल्या पोराला ते सांगितलं जाताना मी पहिल्यांदा ऐकलं.

कारण असं घडलं होतं. १९ जुलैच्या संध्याकाळी डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसाला पोरांच्या टोळक्याने मारलं. चाळिशीतला माणूस, नोकरीसाठी नुकताच त्या देशात आलेला. चेहरा रक्ताने माखलेला, अंगावरची पँट काढून घेतलेली, अशा अवस्थेत तो रस्त्यात सापडला. तिथल्याच एका आयरिश बाईने गाडी थांबवून त्याला मदत केली. तेवढ्यात फोनाफोनांवर निरोप फिरायला लागला होता की हा माणूस लहान मुलांशी काहीतरी वावगं वागत होता. पोलिसांनी त्यात तथ्य नसल्याचं सांगितलं, पण निरोप पोलिसांच्या कितीतरी आधी पोचलेला होता.

पुतण्या हे सांगत होता आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्याला वाटलं मी त्याच्या काळजीने गप्प झाले. काळजी होतीच. पण मला २०१८ चा जून आठवला होता.

त्या जूनमध्ये आमच्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक, मोटरसायकलवरून येऊन गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात तो, सगळ्यांनी पाहिला असेल. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता. शेवटी पोर परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. ती पाटी कोणीतरी कापून टाकली होती. मी शिक्षिका आहे. माझ्याकडे पाचवी ‘ब’च्या पालकांचा ग्रुप होता. मी तो व्हिडिओ त्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, “पालकांनी सावध राहावे, अनोळखी व्यक्ती दिसल्यास त्वरित कळवावे.” कोणाला कळवावे ते लिहिलं नव्हतं. खाली तीस-पस्तीस जणांचे जोडलेले हात आले.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढ्याचे, भिक्षा मागत फिरणारे. त्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असं कोणीतरी पाहिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बाजारातून मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि त्या खोलीत ते मारले गेले. पाचही. त्याच सुमारास मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या काही जणांना पोलिसांनी सोडवलं, त्यात लहान लेकरूही होतं. जुलै संपायच्या आत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाच. आकडा योगायोगाचा असेल, मला तो खुपतो.

माझा व्हिडिओ राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही. पोचला नसेलच. पण पाचवी ‘ब’च्या एखाद्या पालकाने तो साक्रीच्या मेव्हण्याला पाठवला नसेल, असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. ते पाच जण मराठी बोलणारे होते, याच राज्यातल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. तरी त्या रविवारी ते परके ठरले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हळहळ झाली आणि मग एक सर म्हणाले, “पण ते तिथे गेलेच कशाला?” कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. जिभेवर माझ्याही तोच प्रश्न होता.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ११ जुलै २०१८ ला, जर्मनीत म्युनिकच्या कोर्टात एका खटल्याचा निकाल लागला. नाझी विचारांच्या तिघांच्या टोळीने २००० ते २००७ या काळात दहा माणसं मारली होती. त्यातले आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि दहावी एक पोलीस महिला. मारलेले लोक फुलं विकणारे, शिवणकाम करणारे, किराणा किंवा कबाबचं दुकान चालवणारे. पोलीस वर्षानुवर्षं त्यांच्याच घरच्यांची उलटतपासणी घेत राहिले. नवऱ्याचं काही लफडं होतं का, अफूचा धंदा होता का, देणंघेणं होतं का. वर्तमानपत्रांनी या खुनांना एका कबाबचं नाव देऊन टाकलं होतं. २०११ मध्ये टोळीतले दोघं मेल्यावर सगळं बाहेर आलं. या खटल्याबद्दल मी पुढे कधीतरी वाचलं तेव्हा आमच्या सरांचा प्रश्न आठवला. ते तिथे गेलेच कशाला.

गोष्ट बहुतेकदा लेकरापासून सुरू होते, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं. लेकराचं नाव घेतलं की समोरचा माणूस प्रश्न विचारत नाही. इंग्लंडमध्ये साउथपोर्टला २९ जुलै २०२४ ला नाचाच्या वर्गात तीन चिमुकल्या मुलींचा खून झाला. काही तासांत मारेकऱ्याचं एक नाव फिरलं, मुसलमानी वाटेल असं, आणि सोबत माहिती की हा होडीतून आलेला आश्रित आहे. नाव बनावट होतं. पकडलेला मुलगा १७ वर्षांचा, कार्डिफमध्ये जन्मलेला. पण दुसऱ्याच संध्याकाळी तिथल्या मशिदीवर दगड पडले. पुढच्या आठवड्यात रॉदरहॅमला, आश्रितांना ठेवलेल्या एका हॉटेलला माणसं आत असताना आग लावायचा प्रयत्न झाला. त्या तीन मुलींच्या आईबापांचं दुःख खरं होतं. ते दुःख दुसऱ्यांनीच उचलून नेलं.

डब्लिनमध्ये त्याआधी तेच झालं होतं. २३ नोव्हेंबर २०२३ ला एका शाळेबाहेर चाकूहल्ल्यात लहान मुलं जखमी झाली, हल्लेखोर परदेशी असल्याचा गवगवा झाला आणि संध्याकाळी शहराच्या मध्यभागी बस आणि ट्राम जळल्या. हल्लेखोराला हेल्मेटने मारून खाली पाडणारा माणूस ब्राझीलहून आलेला होता, घरोघरी जेवण पोचवणारा. आणि त्या दिवशी आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. ते पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या शाळेत परिपाठाला मी ही बातमी वाचून दाखवली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

परक्यांविरुद्ध लोकांना पेटवणारे हे गट काम कसं करतात ते मला वर्गावरून कळतं. प्रत्येक वर्गात एक पोरगा असतो, जो स्वतः कधी दगड मारत नाही. मधल्या सुट्टीत तो फक्त सांगतो की तुझी पेन्सिल त्याने घेतली. बस. पुढचं पोरं करतात, आणि शिक्षा होते तेव्हा हा बाकावर हाताची घडी घालून बसलेला. पूर्वीसारखे गणवेश, बिल्ले, शाखा यांची या लोकांना आता फारशी गरज उरलेली नाही. काही चॅनल, थोडी माणसं आणि वाट बघण्याची चिकाटी एवढं पुरतं. घटना घडली की नाव पुरवायचं, मग पत्ता पुरवायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडात खरंच पत्त्यांची यादी फिरली, स्थलांतरितांना कायद्याची मदत देणाऱ्या कचेऱ्यांची. त्या संध्याकाळी तिथे या दंगेखोरांच्या विरोधात हजारो साधी माणसं रस्त्यावर उभी राहिली आणि यादी काढणाऱ्यांपैकी फारसं कोणी फिरकलं नाही, हेही खरं.

पुतण्या सांगत होता की त्याच्या रस्त्यावरच्या खांबाखांबाला या उन्हाळ्यात झेंडे लागलेत. हिरवा, पांढरा, नारिंगी. “काकू, त्यांचाही तिरंगाच. लांबून वाटतं पंधरा ऑगस्ट आलाय.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण तो आपल्यासाठी नाही लावलेला.” त्याच्या घरमालकाचा मुलगा त्याच्याच वयाचा. नोकरी करतो, पण वेगळं घर घेणं परवडत नाही म्हणून आईबापांकडे राहतो. दोन खोल्यांत हे चौघं भारतीय मिळून भाडं भरतात, ते भाडं त्या पोराला एकट्याने भरता येत नाही. त्याचा राग मला कळतो. घरं कमी आहेत हे खोटं नाही. त्या रागाला कोणीतरी येऊन सोपा चेहरा देतं, माझ्या पुतण्याचा.

मला आणखी एक दिसतं ते म्हणजे मोजणी. १९६८ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने जे भाषण केलं त्याचा कणा आकडे होते, पंधरा-वीस वर्षांत हे इतके लाख होतील. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात होता, उर्दू शिकला होता, साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनचा आरोग्यमंत्री होता. त्याच काळात तिथल्या सरकारी दवाखान्यांत परदेशातून आलेले डॉक्टर आणि नर्स रात्रपाळ्या करत होते. पुढे २०११ मध्ये रनो काम्यू या फ्रेंच लेखकाने या मोजणीला नाव दिलं, महाबदल म्हणा. म्हणजे इथली माणसं हळूहळू काढून त्यांच्या जागी दुसरी बसवली जात आहेत. ऐकायला पुस्तकी वाटतं. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला तेच नाव दिलं होतं. मेलेल्यांत भारतीयही होते. मारणारा ऑस्ट्रेलियाचा, म्हणजे त्या देशात तोही पाहुणाच. त्याने स्वतःला मोजलं नव्हतं.

आमची टिकलीही मोजून झालीय. १९८७ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीला एका टोळीने नावच टिकलीवरून घेतलं होतं. कपाळावर ठिपका असलेल्यांना या शहरातून हाकलू, असं पत्र त्यांच्या नावाने वर्तमानपत्रात छापून आलं. त्या वर्षी एका तरुण भारतीयाचा मारहाणीत जीव गेला. हे मी वाचलं तेव्हा आरशासमोर उभी होते असं काही नाही. बाजारात होते, भरताची वांगी निवडत होते, आणि हात कपाळाकडे गेला.

ऑस्ट्रेलियात २०२५ च्या ३१ ऑगस्टला स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेऊन लिहिलं होतं की शंभर वर्षांत जितके ग्रीक आणि इटालियन आले नाहीत त्याहून जास्त भारतीय पाच वर्षांत आले. मेलबर्नच्या मोर्च्यात एका नव-नाझी पुढाऱ्याने भाषण केलं. पत्रकातला तो आकडा खरा की खोटा यावर लोक वाद घालत बसले. आकडा खरा असता तर काय, हे कोणी विचारलं नाही.

अमळनेरला राहून अशा विषयावर लिहिताना साने गुरुजींचं नाव घेतलं की सगळं सोपं होतं. म्हणून घेत नाही. त्यापेक्षा ताप्ती-गंगा एक्स्प्रेसबद्दल सांगते.

ही गाडी सुरतहून निघते, खानदेशातून जाते आणि बिहारात छपऱ्याला पोचते. माझे धाकटे दीर तिने येतात. ते उधन्याला राहतात, लूमवर लागले होते, आता साड्यांच्या कामात आहेत. सुरतमध्ये खानदेशी माणूस किती आहे हे तिथल्या लिंबायत, उधना भागात फिरलं की कळतं. तिथे कानबाई निघते तेव्हा रस्ता अडतो. दीर दरवेळी घरात पाय टाकताच एकच तक्रार करतात, “डब्यात नुसते बिहारी. पाय ठेवायला जागा नाही. कुठून येतात एवढे!” अहो भाऊजी, तुम्ही येता तिथूनच येतात, असं मी एकदा म्हणाले. ते हसले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणाले.

२०१८ च्या सप्टेंबरअखेर उत्तर गुजरातेत एका तान्ह्या मुलीवर अत्याचार झाला, बिहारचा एक मजूर पकडला गेला आणि ऑक्टोबरमध्ये हजारो हिंदी बोलणारे लोक मार खाऊन, धमक्या ऐकून गुजरात सोडून निघाले. गुन्हा खरा होता. पण गाड्या भरून निघाले त्यांनी तो केला नव्हता. त्या दिवसांत दिरांनी फोनवर सांगितलं की आम्ही दुकानात हिंदी बोलायचं थांबवलंय, गुजरातीच बोलतो, उगाच कोणाला वाटायला नको. सात वर्षांनी त्यांचा पुतण्या ट्राममध्ये अहिराणी बोलायचा थांबला.

आपल्या राज्याचं तरी काय वेगळं आहे. १९६६ मध्ये शिवसेना निघाली त्याच्या आगेमागे ‘मार्मिक’मध्ये मुंबईतल्या कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या. मथळा होता ‘वाचा आणि थंड बसा’. मराठी पोरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या हे दुखणं खरं होतं. यादीतल्या माणसाने ते दिलं होतं का, हा प्रश्न यादीत नव्हता. मग लुंगीवर घोषणा आल्या. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मार पडला. घरात तेव्हा टीव्हीसमोर बसून आम्ही वाईट झालं म्हणालो आणि चॅनल बदललं.

आणि आम्ही तरी कुठले? आमच्या भाटाच्या वहीत मूळ गाव गुजरातेतलं लिहिलेलं आहे. अहिराणी तोंडात घोळवून बघा, निम्मे शब्द तापीच्या खालच्या अंगाला ओळखीचे निघतील. माझा पुतण्या आज ज्यांच्या देशात दबकून राहतो त्या आयरिश लोकांचं निम्मं रडगाणंही हेच आहे. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात त्यांची दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत उतरल्यावर नोकरीच्या जाहिरातींत त्यांना वाचायला मिळालं की आयरिश लोकांनी अर्ज करू नये. त्यांचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांनी १२ ऑगस्टला भारतीयांवरच्या हल्ल्यांचा निषेध केला तेव्हा आपल्या लोकांच्या स्थलांतराची आठवण करून दिली. म्हातारा माणूस चांगलं बोलला. टॅलाच्या त्या पोरांनी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

त्या शनिवारी गच्चीवर मी पुतण्याला विचारलं, “एप्रिलमध्ये तू ग्रुपवर काय टाकलं होतंस, आठवतं?”

आमच्या घराचा ग्रुप आहे. त्यावर त्याने एक निरोप पुढे ढकलला होता, सराफ बाजारातले बंगाली कारागीर म्हणजे सगळे बांगलादेशी आहेत, यांना घर भाड्याने देऊ नका. आमच्या वरच्या खोलीत तेव्हा एक बंगाली कारागीरच राहत होता, अजून राहतो. मेदिनीपूरच्या घाटाल भागातला. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. सोन्याच्या तारेचं इतकं बारीक काम करतो की डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. तो निरोप आला त्या आठवड्यात मी त्याच्याकडे आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. एक माझ्याकडे आधीच होती, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना घेतलेली. “पहिली सापडत नाही,” असं मी त्याला सांगितलं. त्याने काही न बोलता दुसऱ्या दिवशी दोन प्रती आणून दिल्या. एक जास्तीची, पुन्हा हरवली तर म्हणून.

“ते वेगळं आहे काकू,” पुतण्या म्हणाला. “ते चोरून येतात. मी व्हिसा काढून आलोय, टॅक्स भरतो.”

“टॅलात त्या माणसाचा व्हिसा तपासला होता का कोणी?”

तो गप्प. मीही ताणलं नाही. चोरून सीमा ओलांडणाऱ्याचं काय करायचं हा सरकारचा प्रश्न आहे, कागद तपासावेत, कोर्ट आहे, कायदा आहे. त्याचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे. पण आमच्या वरच्या खोलीतल्या माणसाचे कागद तपासून झाले होते आणि तरी मी पुन्हा मागितले होते, आणि मागायला लावणारा निरोप डब्लिनहून आला होता. हे त्याला सांगावं की नाही, मी विचार करत होते. सांगितलं. बराच वेळ फोनवर नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, “काकू, माझी मूठ घातली ना?”

“घातली. मायने तुझी जास्तच भरली.”

“बरं. चल, डबा गरम करतो.”

रविवारी कानबाई बसली. रात्री बायकांनी गाणी म्हणून घसे बसवले. सोमवारी दुपारी ढोल आले. वरचा मुलगा जिन्यात उभा राहून बघत होता. दुर्गापूजेला त्याच्या गावाकडे ढाक वाजतो, असं त्याने मला मागे एकदा सांगितलं होतं. आम्ही नदीवरून परत आलो तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर बसलेला. माय रोटाचा तुकडा मोडून जाऊबाईंच्या हातावर ठेवत होती. त्याने हात पुढे केला. लहान पोर, ज्याला दिसलं की खाऊ वाटतायत.

माझा हात रोटाच्या ताटाकडे गेला होता. मायने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला लाह्या-फुटाण्यांची ओंजळ दिली. त्याची आई जिन्यात आली होती, तिने हिंदीत विचारलं, ते गोल काय आहे? मी म्हणाले, उपवासाचं आहे, मुलांनी खायचं नसतं. तिने मान डोलावली. लाह्या खाताना तो ताटाकडेच बघत होता.

बुधवारी दुपारी पुतण्याने ग्रुपवर एक बातमी टाकली. खाली काही लिहिलं नव्हतं. आयर्लंडच्या वॉटरफर्डमध्ये सोमवारी संध्याकाळी घरासमोर खेळणाऱ्या एका सहा वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलीला पोरांनी मारलं होतं, भारतात परत जा म्हणून. मारणारी पोरंही बारा-चौदा वर्षांची. मुलीची आई तिथे नर्स आहे.

माय खाटेवर बसून होती. तिला वाचता येत नाही, चेहरा वाचता येतो. “काय व्हयनं?” मी सांगितलं.

“कितली मोठी शे पोर?”

“सहा वर्षांची.”

माय बराच वेळ काही बोलली नाही. वर खोलीत तो मुलगा पळत होता, त्याच्या पावलांनी छताची माती थोडी खाली झरत होती. मायने वर पाहिलं. “लाह्या शेतस का आजून?”

मी उठून डबा उघडला. लाह्या संपल्या होत्या. चार रोट होते.